कोळशाची मोटार आणि माझी तारीख

तारखा जुळवण्यात नळदुर्गात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली महिने चालायचे: दै, बहमन, इस्फंदार. घरात चैत्र-वैशाख, आणि सोलापूरहून येणाऱ्या पत्रांवर इंग्रजी महिने. कुणाचे दिवस कुणाशी जुळायचे नाहीत. मी कचेरीतला कारकून, उर्दू वाचणारा. लोक कागद घेऊन आमच्या ओसरीवर यायचे आणि मी डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर मोजून दिवस सांगायचो. डोळे मिटायची खरं तर गरज नव्हती, पण त्यानं वजन यायचं.

ते वजन एका मंगळवारी सकाळी उतरलं.

बायकोला तालीमाच्या दफ्तरातून, म्हणजे शाळाखात्यातून, उर्दूत पत्र आलं होतं. नळदुर्गात मुलींना मराठी शिकवायला एक बाई नेमायची होती. अर्ज केलेल्यांनी इस्फंदारच्या अमुक तारखेला दुपारी दोनच्या आत धाराशिवला शाळा-तपासणीच्या बाईंपुढं हजर राहावं, न येणाऱ्याचा अर्ज रद्द. बायको सातवी पास. गल्लीतल्या चार मुलींना ती दोन वर्षं पडवीत शिकवत होती आणि ह्या एका जागेची वाट बघत होती. पत्र मी वाचलं, डोळे मिटले आणि बुधवार सांगितला. मंगळवारी दुपारच्या बसनं निघायचं, रात्री तिच्या मावशीकडं उतरायचं, असं ठरलं. पत्रात वारही लिहिलेला होता. पण आपला हिशेब असताना वार कशाला वाचायचा?

तर त्या मंगळवारी सकाळी मी भगर खात बसलो होतो. मंगळवारी तिचा उपास, त्यामुळं घरात सगळ्यांनाच भगर. शेजारच्या खालाजी वाटेत खायला म्हणून खजूर घेऊन आल्या. गल्लीत सगळे त्यांना खालाजीच म्हणायचे. बायकोनं मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातात पत्र दिलं. खालाजींनी चष्मा लावला, ओठ हलवत कागद वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मुन्शीजी, हे तर मंगळवारचं हाय की."

"बुधवार," मी म्हणालो.

"कागद मंगळ म्हणतो, तुमी बुध म्हणता. साहेब कुणाचं ऐकंल?"

मी ताट बाजूला सारलं. पुन्हा मोजलं, ह्या वेळी डोळे उघडे ठेवून. आधीच्या महिन्याला माझ्या पेरांवर एक दिवस जास्तीचा चढला होता.

बायकोनं पत्र परत घेऊन त्याची घडी घातली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, "बस किती वाजता?"

"दोनला."

"आणि तिथं कधी पोचायचं?"

"दोनला."

खालाजींनीच तोडगा काढला. नळदुर्गात भाड्यानं मिळणारी एकच मोटार होती आणि ती त्यांच्या भावाची होती. भाऊ म्हणजे गल्लीचे मामू. फक्त ती मोटार कोळशावर चालायची. लढाईचे दिवस, पेट्रोल परमिटावर. मामूंनी गाडीच्या मागं एक उभा लोखंडी बंब बसवून घेतला होता. बंबात कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून फुलवायचा, आणि त्याचा वायू इंजिनात गेला की गाडी सुरू व्हायची. भाडं मी घासाघीस न करता कबूल केलं, त्यानं मामूच जरा गोंधळले. कोळसा मात्र गिऱ्हाइकानं आणायचा, असा त्यांचा नियम होता.

मी घरी धावलो आणि चुलीतलं विझवलेलं सगळं टोपलीत भरून आणलं. मामूंनी एक तुकडा उचलून हुंगला.

"मुन्शीजी, हा कोळसा न्हाय. हे नुसतं रुसलेलं लाकूड हाय. बाभळीचा आणा, लोहाराकडचा."

लोहाराकडून पोतं आणलं. मग अर्धा तास मी पंखा फिरवला. मामूंच्या पाठीत उसण भरली होती आणि दुसरं कुणी नव्हतं. मी पांढरं धोतर आणि लग्नातला कोट घालून सजलो होतो, का कोण जाणे. परीक्षा काही माझी नव्हती.

तीस-पस्तीस मैलांचा रस्ता. दोन्ही बाजूंना शाळूची कणसं भरत आली होती, आणि बैलगाड्या आम्हांला वाट देताना हसत होत्या असं मला वाटत होतं. तुळजापूरच्या अलीकडं चढावर मोटार धापा टाकायला लागली. मामू म्हणाले, "उतरा, मुन्शीजी. थोडं ढकला." बायकोही उतरायला निघाली, तर तिला म्हणाले, "बाई, तुमी बसा. परीक्षा तुमची हाय. ह्यांची झाली."

तुळजापुरात मंगळवारची गर्दी. गाडी थांबली तर पुन्हा पंखा, पुन्हा अर्धा तास, म्हणून बायकोनं चालत्या मोटारीतूनच देवीला हात जोडले. मीही जोडले. माझं मागणं तिच्यापेक्षा मोठं होतं.

धाराशिवात शिरताना मी पुढं वाकून म्हणालो, "मामू, गाव माझ्या पायाखालचं आहे." पहिल्यांदा मी त्यांना जुन्या कचेरीवर नेलं. तिथं शाळाखातं नव्हतं. मग मुलांच्या शाळेवर नेलं. तिथं सुट्टी होती. गाडी थांबवायची नाही, त्यामुळं मी चालत्या गाडीतून उडी मारायची, कुणाला तरी विचारायचं, तोवर मामूंनी गल्लीला वळसा घालून यायचं, आणि मी पळत येऊन पुन्हा बसायचं, असा खेळ सुरू झाला. एका हॉटेलावरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला हॉटेलवाल्यानं हाक मारली, "पावनं, आता चहा तरी घ्या."

बायकोच्या हातात रुमालात बांधलेला सातवीचा दाखला होता. तिनं त्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग काच खाली करून पाट्या घेतलेल्या दोन मुलींना तिनं विचारलं, "पोरींची शाळा कुठं हाय गं? जिथं तपासणीच्या बाई आल्यात?"

"ते काय, चिंचंमागं."

चिंच हॉटेलाच्या समोर होती.

मामूंनी गाडी फाटकाशी आणून थांबवली. "आता विझली तरी चालंल," ते म्हणाले. बायको उतरली, पदर सारखा केला आणि आत गेली. मी मागोमाग निघालो, तर शिपायानं आडवा हात केला. "बाईला आणून सोडलंस ना? ड्रायव्हरनं भाईर थांबायचं." मी स्वतःकडं पाहिलं. धोतर, कोट, दोन्ही हात, सगळं बाभळीच्या कोळशाचं झालं होतं. मी मामूंच्या शेजारी चिंचेखाली जाऊन बसलो. मामूंनी खिशातलं घड्याळ काढून दाखवलं. दोनाला दहा मिनिटं कमी होती.

त्यानंतरचा पाऊण तास मी बोटांची पेरं मोजत काढला. आपण आपल्या हातानं बायकोची दोन वर्षं घालवली, असं मनात येई, आणि मग वाटे, अजून गेली नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं.

"झालं?"

"झालं. शेवटचं नाव माझंच. बाई म्हणाल्या, आता येत न्हाय वाटलं."

"मग?"

"धडा वाचायला दिला, फळ्यावर गणित करून दाखवायला लावलं. मग विचारलं, लहान पोरी हट्ट करतात, ऐकत न्हायत, तेव्हा काय करता? म्हणलं, आमच्याकडं मोठ्यांच्याच हट्टाची सवय हाय."

"मग?"

"मग काय. जागा दिली."

मला एकदम खाली बसावंसं वाटलं आणि कळलं, मी खालीच बसलेलो आहे. मामूंनी गाडीत ठेवलेले खालाजींचे खजूर काढून तिघांत वाटले. खजूर उपासाला चालतात, म्हणून तिनंही खाल्ले, चार-पाच. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

तिच्या हातात नवा कागद होता, हुकमाचा. कामावर कधी यायचं ती तारीख त्यात लिहिलेली, उर्दूत. सवयीनं मी हात पुढं केला. तिनं माझे काळे हात पाहिले आणि कागद रुमालात, दाखल्याबरोबर बांधून टाकला.

"हे खालाजी वाचतील," ती म्हणाली. "तुमी पंखा फिरवा. त्यात तुमचा हात बसलाय."