दोन ग्रॅम करडी

आमच्या मार्केट यार्डात पार्वतम्मा सव्वीस वर्षं जमिनीवर बसलेली आहे. पुढ्यात सूप, शेजारी चाळणी. करडी असो, तूर असो, शाळू असो, शेतकरी पोतं सोडतो आणि आधी तिच्याकडं बघतो. ती चिमूटभर दाणे तोंडात टाकते, कराकरा चावते आणि माल कसा आहे ते सांगते. मी गुरुशांत, तिथला तोलार. वजन माझ्या काट्यावर व्हायचं, पण भाव ठरायचा तिच्या जिभेवर, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. उगीच डोक्यावर बसायची.

यंदा शिमग्याच्या आधी यार्डात एका कंपनीनं खरेदी केंद्र उघडलं. तिथं मालाची प्रतवारी करायला एक माणूस हवा होता. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. अट एकच, पाच दिवसांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. पार्वतम्मानं नाव दिलं. चौथी शिकलेली बाई, वय चोपन्न. गुडघ्यांनी तिला पार जेरीला आणलेलं. मला सरळ म्हणाली, की आता खाली बसवत नाही, मला ती खुर्ची पायजे. मग मीही नाव दिलं. का दिलं म्हणता? मलाही पंखा हवा होता, खोटं कशाला बोलू!

शिकवायला अनिलकुमार साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, आणि पडद्यावर भोपळ्याएवढा करडीचा दाणा. पोत्याच्या तोंडाचा माल बघून फसू नये, टोकदार नळी खुपसून मधला आणि तळाचाही घ्यावा, असं त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं. पार्वतम्मा सव्वीस वर्षं हेच ओरडून सांगत होती, पण तिच्याकडं लॅपटॉप नव्हता. तरी बाईनं ते वहीत उतरवून घेतलं. फुटके दाणे वेगळे, पोचट वेगळे, किडके वेगळे, काडीकचरा वेगळा, सगळं मन लावून शिकली. ओल मोजायच्या यंत्राचं तर तिला भारी कौतुक. आधी दाताखाली दाणा फोडून आकडा सांगायची, मग यंत्र बघायची. जुळला की यंत्राला शाबासकी.

परीक्षेला प्रत्येकाला पन्नास ग्रॅम करडी मोजून दिली. दाणे निवडून वाटे करायचे, एकेकाचं वजन लिहायचं, बेरीज पन्नास आली पाहिजे. अर्ध्या तासानं साहेब पार्वतम्माच्या टेबलाशी आले. बेरीज अठ्ठेचाळीस. त्यांनी परत वजन केलं. टेबलाखाली वाकून बघितलं. शेवटी विचारलं, "मावशी, दोन ग्रॅम कुठं गेले?"

"खाल्ले की."

अहो, सवय! हातात दाणा आला की तोंडात गेलाच. वर्गात हशा पिकला. साहेब म्हणाले, तक्त्यात तसा रकाना नाही. वर तिनं त्यांनाच ऐकवलं, की ही करडी गेल्या सालची आहे, खवट झालीय, हिचं तेल खायच्या कामाचं नाही. साहेबांनी करडीचं पाकीट उलटून बघितलं. मागं तारीख होती, गेल्या वर्षीच्या मार्चची. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि तिला नापास केलं.

आता माझं ऐका. थोडे दाणे घरंगळले, थोडी धूळ उडाली, माझी बेरीज आली एकोणपन्नास पूर्णांक चार दशांश. मी गुपचूप चांगल्या दाण्यांत सहा दशांश वाढवले आणि पहिला आलो. लाज वाटली. पण खुर्चीत बसल्यावर पंख्याखाली ती बरीच कमी झाली.

पार्वतम्मा मदतनीस म्हणून तिथंच लागली, माझ्या खुर्चीशेजारी, जमिनीवर. आठवडाभर माझ्याकडं पाठ करून बसली. मग एक दिवस तेलगिरणीनं मी पास केलेला ट्रक माघारी धाडला. करडी खवट. माझा कागद तर चोख होता. ओल बरोबर, कचरा बरोबर, बेरीज बरोबर. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी पहिलं पोतं सुटलं तसे मी चिमूटभर दाणे तिच्यापुढं धरले. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आदी कागदावर रकाना काढ," ती म्हणाली, "मग खाते."

पट्टी घेऊन काढला. 'चव पाहिली, दोन ग्रॅम.' त्या दिवसापासून एकही ट्रक माघारी आला नाही, आणि माझी एकही बेरीज पन्नास झाली नाही.

मुख्य कचेरीतल्या संगणकाला हा रकाना काही दिसला नाही. काल पत्र आलं. महिनाभर प्रत्येक नमुन्यात दोन ग्रॅमची तूट, सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर परीक्षेचं प्रमाणपत्र रद्द. पन्नास कसे करायचे ते मला येतं. तासभर पेन धरून बसलो. पार्वतम्माला पत्र वाचून दाखवलं, ती चाळत राहिली. शेवटी लिहिलं, की दोन ग्रॅम पार्वतम्मा खाते आणि त्याच्यावरच हे केंद्र चाललंय. परीक्षेतले सहा दशांशही लिहून टाकले. खाली माझी सही केली. तिनंही केली, कन्नडमधून, एकेक अक्षर सावकाश.

"आता ही खुर्ची जाणार, अम्मा," मी म्हणालो.

तिनं सूप उचलून पलीकडं ठेवलं आणि शेजारची फरशी पदरानं झाडली.

"ये की. हितं जागा हाय."