हार्लनच्या ट्रेलरचा एकच दरवाजा

आमच्या शेजारचा हार्लन हाउगेन शाळेच्या बस दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि गॅरेजमध्ये लाकडी ट्रेलर बांधायला बसला. गाडीमागे ओढत न्यायचा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा. आत दोघांपुरती गादी, आणि शेपटीकडचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. थंडीत सरस वाळेना म्हणून गॅरेजमध्ये हीटर आला आणि त्याच्या बायकोची, आर्डिसची गाडी बाहेर मिनेसोटाच्या बर्फात गेली. ती रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायची आणि म्हणायची, "काही हरकत नाही." आमच्याकडे हे वाक्य जपून ऐकावं लागतं.

ट्रेलर खरं तर तिच्यासाठीच होता. तिला सुपीरियर सरोवराच्या काठी न्यायचं त्यानं लग्नातच कबूल केलं होतं, पण दर उन्हाळ्यात कुठली तरी बस आडवी यायची. "तुला यात झोप लागली तर जाऊ," तो म्हणाला होता, "नाहीतर विकून टाकतो."

ट्रेलरला दरवाजा एकच होता, हार्लनच्या बाजूला. आर्डिसच्या बाजूला भिंत, आणि भिंतीवर दिव्यासाठी सुबक फळी. चर्चमधली सगळी मंडळी बघून गेली. "वेगळंच आहे हं," सगळे म्हणाले. याहून कडक टीका इथं कोणी करत नाही. हार्लन मात्र खूश झाला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी अंगणात चाचणी ठरली. आम्ही शेजारी खुर्च्या, कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेऊन जमलो. आर्डिसनं बूट काढले आणि ती आत शिरून दरवाजाच्या बाजूलाच आडवी झाली.

"ती माझी बाजू आहे," हार्लन म्हणाला.

"हो का? इथं वारा छान लागतो."

"मग मी आत कसा जाऊ?"

"माझ्यावरून. वर्षभर मापं घेत होतास, हेही घेतलं असशीलच."

दुखरा गुडघा सांभाळत तो तिच्यावरून पलीकडे गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आर्डिस, मला बाहेर जायचंय."

"आत्ता तर आलास."

"कॉफी जास्त झाली."

"ये ना मग. मला तर रात्री दोनदा उठावं लागतं. मी काही बोलले?"

समोरचा लोवेल म्हणाला, "वेगळंच आहे हं," आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

घरात जाऊन आल्यावर हार्लननं पलीकडची भिंत बाहेरून बोटांनी ठोकून पाहिली. मग म्हणाला, "लोवेल, तुझी करवत देतोस?"

"तुझ्याच गॅरेजमध्ये आहे. गेल्या वर्षी नेलीस."

आर्डिसनं फळीवरचा दिवा काढून दरवाजातून माझ्या हातात दिला. हार्लन भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढायला लागला.

"हा तुझा दरवाजा झाला," ती आतून म्हणाली. "मला इकडची सवय झालीये. जरा रुंद काप, तुझं पोट बघून."

पेन्सिल थांबली. "म्हणजे जायचं?"

"न जायला काय झालं," आर्डिस म्हणाली. तिनं पाय आखडून घेतले, पण ती बाहेर काही आली नाही.