मद्रासमधला नागपुरी कूलर

नागपूरच्या माणसाला उन्हाळ्याबद्दल कोणी काही शिकवायला जाऊ नये. आम्ही डोक्याला पंचा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून मोठे झालो. त्यामुळे लग्न ठरल्यावर 'मद्रासला फार उकडतं बरं का' असं ज्या ज्या बायकांनी मला सांगितलं, त्यांना मी मनातल्या मनात वेड्यात काढलं. मद्रासचा पारा नागपूरच्या पाऱ्याच्या बराच खाली असतो, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. घाम किती येतो हे वर्तमानपत्रात देत नसत.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सासर वेस्ट मांबलमला, पुढे ओटा आणि मागे विहीर असलेलं बैठं घर. घरात सासू-सासरे, नवरा आणि मी. ही माणसं मूळ तंजावरकडची. त्यांचे पूर्वज केव्हातरी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मराठी मात्र त्यांनी नेली तशी जपून ठेवली होती, वर तमिळची फोडणी देऊन. सासूबाई पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "बैस ग. श्रमलीस कीं. कापी पितेस?" मला आधी वाटलं कोणीतरी बखर वाचतंय. कॉफी हातात आल्यावर खात्री पटली.

माझ्या वडिलांना हे स्थळ मनापासून पटलं नव्हतं. ते हायस्कुलात शास्त्र शिकवत. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मला त्यांनीच वाढवलं. स्थळ रेल्वेतल्या मामांनी आणलं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, पण बाबा सारखे म्हणत, "माणसं मराठी आहेत म्हणतात, पण मला त्यांचं अर्धंच समजून राहिलं." लग्नानंतर मला गाडीत बसवताना त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं, की नाही जमलं तर लाजायचं नाही, मी येऊन घेऊन जाईन. ते उगाच काही बोलणाऱ्यातले नव्हते.

पहिला उन्हाळा आला आणि माझी सगळी ऐट उतरली. नागपूरला घाम येतो तो वाळून जातो. येऊन गेला हे मानेवरच्या मिठावरून कळायचं. इथे तो यायचा आणि राहायचा. अंघोळ करून अंग पुसलं की टॉवेल ओला होई, अंग कोरडं होत नसे. पावडर लावली तर तिचा गिलावा होई. मी जेवेनाशी झाले, घामोळ्यांनी पाठ भरली, आणि एके दिवशी देवापुढे रांगोळी काढता काढता तिथेच आडवी झाले.

सुनेला गार कसं करावं हा प्रश्न मग सासऱ्यांनी हाती घेतला. ते हिशेबाच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर त्यांना हाती घ्यायला काही नसे. माउंट रोडवर एका दुकानात खोली गार करणारं यंत्र विकायला आलं होतं, ते बघायला ते आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. दुकानात ते यंत्र चालू होतं. आम्ही आत शिरलो, बाकावर बसलो आणि बराच वेळ कोणीच काही विचारलं नाही. विकणाऱ्याने आपणहून माहिती सांगितली. यंत्र खिडकीत बसवायचं, सगळी दारं-खिडक्या घट्ट लावायची.

"दारें लाविलीं तर वारा कोठून येईल?" सासऱ्यांनी विचारलं.

वारा यायचाच नाही, तो म्हणाला, यंत्रच हवा देतं. मद्रासला संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो. सगळा दिवस माणसं त्याच्या आशेवर काढतात. तोच बाहेर ठेवायचा, आणि त्यासाठी पदरचे पैसे घालायचे, हे सासऱ्यांच्या बुद्धीला पटेना. शिवाय आमच्या घराच्या मधोमध आभाळाकडे उघडा चौक. त्याचं दार कसं लावणार? 'विचार करून सांगतों' असं म्हणून आम्ही निघालो. विचार करायला त्या महिन्यात आम्ही पुष्कळदा गेलो. शेवटी शेवटी तो माणूस आम्हाला माहिती सांगत नसे, नुसता बाक पुसून देई.

दरम्यान मी बाबांना कार्ड टाकलं होतं. त्यात तक्रार नव्हती, 'इथे घाम वाळत नाही' एवढंच होतं. त्याचं उत्तर मालगाडीने आलं.

बाबांनी स्वतः उभं राहून सुताराकडून एक पेटी करवून घेतली होती. कमरेएवढी उंच, तीन बाजूंना जाळीत भरलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, चौथ्या बाजूला पंखा. वर भोकं पाडलेलं पन्हाळं होतं. त्यात पाणी ओतायचं, ते ताट्यांतून झिरपत खालच्या पत्र्याच्या टाकीत उतरायचं, आणि ओल्या खसातून ओढलेली गार हवा पंखा आपल्याला द्यायचा. नागपुरात अशा कूलरपुढे चादर ओढून झोपतात. खाली चार लोखंडी चाकं होती, 'जिथे बसशील तिथे नेता यावा म्हणून', असं बाबांनी लिहिलं होतं.

चाकं बघून सासूबाईंनी आम्हाला थांबवलं. "चाकें अहेत. म्हणजे गाडीच कीं." त्या मुलखात नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. चार लिंबं आली. पेटीला कुंकू लागलं, कापूर ओवाळला, आणि नवऱ्याने आणि सासऱ्यांनी मिळून ती लिंबांवरून ढकलली. एक लिंबू न चिरडता कोपऱ्यात पळालं. ते आणून परत ठेवलं. मग कुठे पाणी ओतून बटण दाबलं.

वास फार सुंदर आला. मला एकदम घर आठवलं आणि रडूही आलं. वारा जोराचा होता. सगळे समोर बसलो. सासरे म्हणाले, "बरें अहे." सासूबाई म्हणाल्या, "फार बरें अहे." मी वाट पाहत होते. तासाभराने मला नक्की कळलं की आम्हाला पहिल्यापेक्षा जास्त उकडतंय.

आता सांगायला सोपं आहे. नागपूरची हवा तहानलेली असते, पाणी दिसलं की पिऊन टाकते आणि त्यात गार होते. मद्रासची हवा पोटभर पिऊनच घरात शिरते, आणि आम्ही तिला आग्रह करकरून आणखी वाढत होतो. आठवड्यात मीठ पाझरायला लागलं. काड्यापेटीतली काडी पेटेना. डब्यातले अप्पळम, म्हणजे तिकडचे पापड, हातात धरले की रुमालासारखे लोंबत. माझ्या खोलीचं दार फुगून चौकटीत बसेना. तरी घरात कोणी म्हणून काही बोलेना. रोज दुपारी जेवणं झाली की सगळे येऊन त्या पेटीपुढे थोडा वेळ बसत, आरतीला उभं राहावं तसे, आणि मग 'बरें अहे' म्हणून घाम पुसत उठत.

आमच्याकडे असं काही झालं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी 'हे काय खूळ आणलं बाप्पा' म्हणून मोकळं झालं असतं. मला वाटलं ही माणसं माझी थट्टा करतायत. मी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या बाबांनीं धाडिलें. वाईट कोण म्हणेल?" यावर भांडणार कसं? भांडायला समोरच्याने निदान चूक तरी करायला हवी.

मार्ग सासूबाईंनीच काढला. एक दिवस मी बादली घेऊन आले तर त्यांनी माझा हात धरला. "वारा बरा अहे. पाणी पोदुम," त्या म्हणाल्या. पाणी पुरे. त्यांनी तिन्ही ताट्या उपसल्या, खस निवडून वाळवला आणि पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकला. तिकडे त्याला वेट्टिवेर म्हणतात आणि त्याचा तोच उपयोग करतात. राहिलेली पेटी हा उत्तम पंखा होता. जिथे बसू तिथे नेता यायचा. माझी घामोळी गेली. मी ताकभात जेवायला लागले. दुपारी पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून सासूबाई मला त्यांची जुनी मराठी आणि नवी तमिळ दोन्ही शिकवू लागल्या. त्या घरात मला करमायला लागलं ते त्या दुपारींमुळे.

बाबांना मी लिहीत राहिले की कूलर छान चालतो. दुसरं काय लिहिणार? आणि पुढच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, बाबांचं कार्ड आलं की येतो आहे, घ्यायला कोणी येऊ नये, पत्ता जवळ आहे.

मला धडकी भरली. कूलर चालत नाही हे बाबांना कळलं तर ते दोन निष्कर्ष काढणार होते. एक, आपली मेहनत वाया गेली. दोन, मुलगी सुखात नाही आणि लपवते आहे. पहिला खरा होता. दुसरा आता खरा राहिला नव्हता, पण शास्त्राच्या मास्तराला ते पटवायचं कसं? पटलं नाही तर ते मला घेऊन जाणार, आणि मला जायचं नव्हतं.

मी काहीच बोलले नव्हते. पण बाबा यायच्या दिवशी सकाळी उठून पाहते तो सासरे पेटीत नवा खस भरत होते आणि नवरा विहिरीवरून पाणी आणत होता.

बाबा आले ते काळा कोट आणि टोपी घालून, घामाने ओलेचिंब. त्यांना ओसरीवर बसवलं आणि पेटी ढकलत समोर आणली. जेवायला उठले तर पेटी पानापाशी. जेवून झोपाळ्यावर बसले तर पेटी झोपाळ्यापाशी. वायर पुरेल तिथवर तिने त्यांची पाठ सोडली नाही. चाकं होती म्हणून सोय. बाबांच्या चष्म्यावर वाफ धरत होती, ते काढून पुसत होते, परत घालत होते. पानातला अप्पळम त्यांनी उचलला, तो वाकला, त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि घडी करून खाल्ला.

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. अंगावर लोकरी शाल. काशीयात्रेच्या वेळी घेतलेली, नंतर ट्रंकेबाहेर न निघालेली, जाडजूड तपकिरी शाल. त्या कूलरच्या बाजूला जमिनीवर बसल्या आणि शाल गळ्याशी नीट आवळून घेतली.

"फार थंड करितें तुमचें मशीन," त्या बाबांना म्हणाल्या. "मज सोसत नाहीं."

त्यांच्या कपाळावरून घामाची धार भुवईपर्यंत आली होती. मी जमिनीकडे पाहिलं. सासरे उठून आत गेले आणि मफलर गुंडाळून आले. मद्रासच्या डिसेंबरात ते देवळात जाताना बांधत तोच.

बाबा म्हणाले, "विहीणबाई, थंडी वाजून राहिली असेल तर बंद करू का जरा?"

"नको, नको. मुलीस हवें," सासूबाई म्हणाल्या. "तिच्यासाठीं धाडिलेंत. आम्ही शाल घेऊं."

बाबा चार दिवस राहिले. चारही दिवस शाल होती. मी एकदा स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच म्हटलं, "अम्मा, काढा ना ती, चक्कर येईल." तर त्या म्हणाल्या, "तूं सांबार ढवळ."

निघायच्या दिवशी आम्ही दोघं बाबांना पोचवायला सेंट्रल स्टेशनवर गेलो. नवरा डबा शोधायला पुढे गेला, तसे बाबा मला सामानापाशी उभं करून तिकिटाच्या खिडकीकडे गेले. बराच वेळ रांगेत उभे राहिले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय काम होतं?

"एक तिकीट जास्तीचं होतं. परत केलं."

"कोणाचं?"

"तुझं," ते म्हणाले. "आलो त्या दिवशी इथूनच काढून ठेवलं होतं. जन्मभर पोरांना बाष्पीभवन शिकवलं मी. गाडीतून उतरलो, सदरा पाठीला चिकटला, तेव्हाच समजलं की आपली पेटी या हवेत चालायची नाही. म्हटलं, पोरगी वर्षभर खोटं लिहून राहिली. म्हणजे नक्की हालात आहे."

गाडीची घंटा झाली. नवरा लांबून हात करत होता. बाबांनी टोपी सारखी केली, पिशवी उचलली आणि डब्याकडे चालायला लागले. मी त्यांच्यामागून. दारात पाय ठेवून ते वळले.

"तिकडे सगळे विचारतील, पोरीला मद्रासच्या उकाड्याचा त्रास होतो का म्हणून."

"काय सांगाल?"

"सांगेन, तिची सासू मेमध्ये शाल घेते," बाबा म्हणाले, आणि आत जाऊन बसले.