रविवार रात्रीपर्यंत

आमच्या ग्रुपवर एक नियम आहे. नवा पिक्चर शुक्रवारी लागला की रविवार रात्रीपर्यंत त्याची गोष्ट कुणी फोडायची नाही. सोमवारपासून रान मोकळं. हा नियम मीच केला. ग्रुपही मीच काढला होता, आकुर्डीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. अंतराळयानं, रोबो, गेम्स, नवे फोन, जे घरी बोललं की लोक तोंडाकडे बघत बसतात ते सगळं बोलायला. माझ्या बेंचवरच्या मित्राला मी पहिल्याच दिवशी दुसरा अ‍ॅडमिन केलं होतं.

ग्रुपवरची एक मस्करीही माझीच. आमच्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात, वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. मी तसेच फ्लेक्स पिक्चरमधल्या पात्रांचे करायचो. खलनायकाच्या फोटोखाली ‘युवकांचे आशास्थान’. रोबोच्या वाढदिवसाला ‘शुभेच्छुक : समस्त चार्जर मित्र मंडळ’. लोक ते आपापल्या ऑफिसात फिरवायचे. कुणी केलं ते कुणी विचारायचं नाही, पण मला माहीत होतं, तेवढं पुरायचं.

आणि एक वाद होता, कॉलेजपासून चाललेला. अंतराळातल्या एका म्हाताऱ्या पायलटवरच्या पिक्चरची मालिका होती. शेवटच्या भागात म्हातारा मरणार की जगणार? मित्र म्हणायचा, मरणार. मी म्हणायचो, जगणार. मी यावर पानंच्या पानं लिहिली असतील. एवढं सेमिस्टरच्या पेपरात लिहिलं असतं तर डिस्टिंक्शन आलं असतं, असं मित्र म्हणायचा.

मग नोकऱ्या लागल्या. बहुतेक जण हिंजवडीला आयटीत गेले, शनिवार-रविवार सुट्टी. मला चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी मिळाली. सुट्टी गुरुवारी.

गुरुवार मला नवा नव्हता. पूर्वी या पट्ट्यात आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची, तो गुरुवार. विजेचं कारण गेलं, गुरुवार राहिला. वडलांनी भोसरीच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर जन्म काढला, गुरुवारच्या सुट्टीवर. पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत गुरुवारी घरोघरी उपास, आणि आमच्याकडे मटण, कारण बाप घरी त्याच दिवशी. मी शाळेतून येईपर्यंत ते जेवून झोपलेले असायचे. रविवारी मी घरी, ते हॅमरवर. आई म्हणायची, शिक, म्हणजे रविवारची सुट्टी असलेली नोकरी लागेल. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला. डिग्रीचा मला आजही अभिमान आहे. रविवार तेवढा मिळाला नाही.

शेवटचा भाग लागायचा होता त्याच्या आदल्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं, “एवढ्या एका पिक्चरपुरता नियम गुरुवार रात्रीपर्यंत करूया. मला त्याआधी बघता येणार नाही.”

“सकाळचा शो बघ ना राव,” एकाने लिहिलं.

“सेकंड शिफ्ट आहे. तीन तासांचा पिक्चर बघून वेळेत गेटवर पोचेन का, ते चाकणच्या ट्रॅफिकला विचारून सांगतो.”

“भावा, तुझ्या एचआरलाच ग्रुपमध्ये घे. तोच ठरवेल आम्ही कधी बोलायचं.”

“गुरुवार साईबाबांचा वार आहे. स्पॉयलर दिला तर पाप लागेल.”

“आज हा गुरुवार मागतोय, उद्या नाइट शिफ्टवाले महिना मागतील.”

मीही हसलो. मस्करीचा ग्रुप आहे, हसायचंच असतं. मग एकाने विचारलं, “पण तू इंजिनिअर आहेस ना? मग सुट्टी कामगारांसारखी कशी?”

मी लिहिलं, “कामगारांसारखीच आहे. माझ्या बापाचीही तीच होती.”

त्यावर एकाने नाचणाऱ्या मांजराचं स्टिकर टाकलं आणि मित्राने मतदान लावलं. मतदानात कुणी कुठे बोट लावलं ते सगळ्यांना दिसतं. गुरुवारच्या बाजूला माझ्यासकट चार जण होते. मित्र रविवारच्या बाजूला.

“लोकशाही आहे भावा,” त्याने मला वेगळं लिहिलं. “आणि नियम तुझाच आहे की.”

म्हणून शुक्रवारी सकाळी मी ग्रुप अर्काइव्ह केला. म्हणजे तो यादीतून खाली गेला, उघडल्याशिवाय दिसणार नाही. व्हिडिओचं अ‍ॅपही काढून टाकलं. लाइनवरच्या पोरांना सांगून ठेवलं, त्या पिक्चरचं माझ्यासमोर बोलायचं नाही. पोरांनी पाळलं. एक जण कँटीनमध्ये मला बघून वाक्य अर्धं गिळायचा आणि “जाऊद्या साहेब, गुरुवारी बोलू” म्हणायचा. रविवार गेला. सोमवार गेला.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत मित्राचा मेसेज आला, “गुरुवारी बघतोयस ना? मजा येईल. काही सांगत नाही.”

मेसेजच्या शेजारी त्याचा फोटो होता, तो छोटा गोल असतो तो. त्या गोलात म्हातारा पायलट होता. गळ्यात झेंडूचा हार. खाली लाल अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फ्लेक्स माझ्या पद्धतीचा होता आणि चांगला जमला होता. अक्षरांना ती पिवळी किनार कशी द्यायची, ते मीच त्याला शिकवलं होतं.

त्याने मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. त्याच्या ध्यानातच नव्हतं. मला काही सांगायचं नाही हे त्याला आठवत होतं, आणि मला डोळे आहेत हे नव्हतं. मी “हो” असं उत्तर दिलं. चहा तसाच ठेवून लाइनवर गेलो.

गुरुवारी वडलांना घेऊन चिंचवडला गेलो. आधीचे भाग त्यांनी घरी माझ्याबरोबर हिंदीतून पाहिले होते. हॅमरमुळे त्यांना ऐकू कमी येतं, पण थिएटरात सगळं ऐकू येतं म्हणून ते खूश असतात. हॉल भरला होता. सगळी गुरुवारची माणसं, पुढच्या रांगेत दोघे कंपनीच्या टी-शर्टवरच आलेले.

इंटरव्हलला वडलांनी विचारलं, “म्हातारा मरतो का रं?”

“मला काय माहीत, मीपण आत्ताच बघतोय.”

“मग बघू,” म्हणाले, आणि समोसा खाऊ लागले.

शेवटी म्हातारा यानाचं दार आतून लावून घेतो, तेव्हा पुढचे टी-शर्टवाले मान खाली घालून बसले. वडलांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. दार लागतं, मग हात हलतो, मग पडदा पांढरा होतो, हे सगळं मी पाहिलं. पोस्टमन पत्ता तपासतो तसं.

बाहेर आलो तेव्हा मित्राचा मेसेज होता, “कसा वाटला? ये आता ग्रुपवर.” ग्रुप उघडला. तिथे एका नव्या फोनच्या कॅमेऱ्यावरून भांडण चाललं होतं. म्हाताऱ्याचा विषय केव्हाच मागे पडला होता. मित्राच्या गोलातही आता तो फोन होता.

रिक्षात वडील म्हणाले, “तू म्हनायचास, जगंल.”

“चुकलो.”

“वाईट न्हाई वाटलं तुला? तुझ्या आवडीचा व्हता.”

“वाटलं की.”

“कवा? मी बघत व्हतो तुझ्याकडं.”

रिक्षाचा आवाज मोठा होता. आमच्या घरात ऐकू न येण्याचा हक्क त्यांचा आहे. त्या दिवशी तो मी वापरला.