तुतारीच्या मुळांचा गुंता

गुंता दिसला की शिवदास मेस्त्रीचे हात शिवशिवायचे. अठरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवरच्या धाग्यांत काढलेला माणूस तो. गाठ सुटत नाही म्हणून कात्री चालवणाऱ्यांचा त्याला मनापासून राग. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली. बायको शेवंती दोन्ही मुलींना घेऊन कोकणात गावी गेली, ‘चार महिन्यांत येते’ म्हणून. आता शहाऐंशीचा सप्टेंबर चालू होता. शिवदास नाहूरच्या खोलीत एकट्यापुरता भात शिजवायचा आणि दर महिन्याला इनलँडवर तेच लिहायचा, ‘माझी काळजी नको. माझे झकास चालले आहे.’ इतकं झकास, की अख्खा रविवार त्याच्याशी कुणी एक शब्द बोलत नसे.

बोलायच्या त्या फक्त मृणालिनीबाई. मुलुंडच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि शिवदास त्यांच्या विभागात शिपाई होता. रोपं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, मग जाड कागदावर दोऱ्याने टाचायची, हे काम त्याने असं उचललं होतं की बाई पाहुण्यांना मुद्दाम कपाट उघडून दाखवायच्या.

त्या वर्षी बाई तुतारी नावाच्या रानफुलावर लिहीत होत्या. डोंगरावरच्या गवतात उगवणारं हातभर रोप, लांब वाकड्या नळीचं पांढरं फूल, तेही सूर्य कलल्यावर उमलणारं, आणि फळाला बाकदार चोच. वाळवलेलं पहिलं रोप काळंठिक्कर पडलं तेव्हा शिवदास घाबरला होता, आपल्याच हातून वाट लागली म्हणून. बाई हसल्या होत्या. “अहो, ही अख्खी प्रजातीच वाळली की काळी पडते. तीच तिची एक खूण!”

वर्णनात फक्त मुळं राहिली होती. तुतारीची पानं हिरवी, म्हणजे अन्न ती स्वतः करते. पण जमिनीखाली ती गवताच्या मुळांना चिकटून त्यांच्यातलं पाणी ओढते, असं पुस्तकं सांगत होती. बाईंना ते डोळ्यांनी बघूनच लिहायचं होतं. शनिवारी त्यांनी गवतासकट एक ढेकूळ आणून ठेवलं आणि सोमवारी बघू म्हणून त्या घरी गेल्या.

शिवदासने ढेकूळ पाण्यात सोडलं आणि त्याला मुळांचा गुंता दिसला. मग काय! सुई घेऊन तो संध्याकाळपर्यंत बसला. एकेक बारीक गाठ उकलली, गवत एकीकडे, तुतारी एकीकडे, दोन्ही स्वच्छ धुऊन कागदावर मांडली. सोमवारी बाई शाबासकी देतील म्हणून तो दारातच उभा राहिला.

“शिवदास, काय केलंत हे? त्या गाठीच तर बघायच्या होत्या मला!”

“बाई, गुंता होता ओ...”

बाई ओरडल्या नाहीत. “राहू दे. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगते,” एवढंच म्हणाल्या. आणि त्या दिवसभर त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. आपलं म्हणायला या शहरात एक माणूस होतं, तेही गेलं, असं शिवदासला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तो एकटाच डोंगर चढला. हंगाम सरत आला होता आणि फुलाशिवाय रोप नेमकं ओळखायची त्याची छाती नव्हती. तो गवतात बसून राहिला. सूर्य कलला तेव्हा चार हातांवर एकच पांढरं फूल उघडलं. त्याने भोवतीची वीतभर माती खुरप्याने खणून काढली, ओल्या गोणपाटात बांधली, आणि हात शिवशिवत असूनही मुळांना बोट लावलं नाही.

सकाळी बाईंनी भिंगाखाली बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. “या, तुम्हीच बघा.” तुतारीच्या मुळावर एक फुगीर गाठ होती आणि तिने गवताचं मूळ घट्ट धरलं होतं.

शिवदासने विचारलं, “बाई, गवत नसलं तर ही मरते?”

“नाही हो. एकटीही जगते. खुरटी राहते, पण एखादं फूल येतंसुद्धा. वरून बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की बरं.”

शिवदास भिंगावरून डोळा काढेना. त्याला रडू येत होतं आणि ते बाईंना दिसायला नको होतं.

त्या संध्याकाळी त्याने इनलँड काढलं. सवयीने ‘माझी काळजी नको’ लिहून गेला, मग ते खोडलं. आजवर पत्रात तो शाळेतलं मराठी लिहायचा. त्याखाली मात्र त्याने घरी बोलायचा तसंच लिहिलं, ‘शेवंती, माझा काय बरा चालला नाय. तुज्याशिवाय माका हय करमणा नाय. दोनय चेडवांका घेवन ये, नायतर मीच येतंय.’