आंब्यावरची सीतेची वेणी

हे मी घरात कुणापुढं बोललेली नाही. नवऱ्यापुढंही नाही. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगायला बरं पडतंय.

नव्वदनंतरची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या परड्यात आंबा होता. अक्का — माझी थोरली जाऊ — तिनं मुरगूडकडच्या माहेराहून सीतेची वेणी आणली. वडिलांनी मरण्याआधी स्वतः झाडावरनं काढून दिलेली. त्या रोपाला माती लागत नाही. काथ्यानं आंब्याच्या फांदीला बांधलं, की मुळं हळूहळू साल धरतात. अक्का उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची. दोन-तीन वर्षं नुसती पानं. मग एका जेठात गुलाबी तुरा लोंबला आणि अख्खी गल्ली बघायला आली. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या हाताला गुण हाय."

माझ्या हाताला नव्हता? मी काय नुसत्या भाकऱ्या बडवायला आलते? — पण हे कारण म्हणून सांगत नाही. माझ्या पोटात दुखलं, एवढंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अक्का माहेरी गेली. मागं दत्तू आला, आंब्यावरची बांडगुळं काढायला — दरसालचा आमचा गडी. एरवी काय काढायचं ते अक्काच खाली उभी राहून दाखवायची. फुलं नसली की दोन्हीतला फरक वरवर कळत नाही. आमच्याकडं किती सीतेच्या वेण्या बांडगूळ म्हणून गेल्यात. त्यानं फांदीवरनं विचारलं, "वैनी, ह्ये बी काढू का?"

"काढ की," मी म्हटलं. "बांडगूळच हाय ते."

मुळं सालीसकट आली. मी ती गोळा केली आणि — बंबात घातली.

अक्का आली, फांदी बघितली, तिथंच बसली. दत्तूला बोलावून नाही नाही ते बोलली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत होते — निवडतच राहिले. "चुकलं, वैनी," तो अक्काला म्हणाला आणि गेला. पुन्हा त्याला आमच्या दारात कुणी बोलावलं नाही. तो का बोलला नाही? मला आजही माहीत नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी तो वारला. मी भेटायला गेले. त्याच्या बायकोनं माझा हात धरला. "थोरल्या वैनींस्नी सांगा, आमच्या मालकांनी मुद्दाम न्हाय केलं. लई लावून घेतलं हुतं जिवाला."

"सांगते," मी म्हटलं.

अक्का शेजारच्याच खोलीत असते. अजून सांगितलेलं नाही.