लाल काड्या

माझा मामा पाणथळ राखीव जागेचा रखवालदार. डोकं कायम तापलेलं. दुर्मिळ फुलं बघायला आलेला कुणी फळ्यांची वाट सोडून चिखलात उतरला, की मामा त्याला शिव्यांची लाखोली वाहायचा. फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून त्याने प्रत्येक रोपाशेजारी लाल काडी रोवली. आठवड्यात निम्म्या काड्यांशेजारी रोपाऐवजी खड्डा उरला. चोरांना शोधायचे कष्टच नकोत, मामानेच पत्ता दिला होता!

मी फुलं बघायला गेले त्या सकाळी एक चोर हाती लागला. मामाने काठी मोडेपर्यंत त्याला झोडपलं, मग बुटाने तुडवलं. मी मध्ये पडले, तर मामाचं कोपर लागून माझंच नाक फुटलं. चोर रांगत पळाला.

"अहो, फुलापायी माणूस माराल का?" मामी ओरडली.

दुपारी मामाने सगळ्या काड्या उपटल्या आणि पार पलीकडच्या हिरव्यागार चिखलात लांब बांबूने एकेक रोवल्या.

"तिकडे पण फुलं आहेत?" मी नाकावरचा रुमाल काढून विचारलं.

"नाहीत," मामा बांबू पुसत म्हणाला. "तिकडे तळ नाही."